द्राक्षमळ्यातलं शुद्धिपत्र

१

कुलूप शाबूत होतं. कपाटातला पांढरा रुमालही जागच्या जागी होता, घडीसुद्धा न विस्कटलेला. फक्त रुमालावरचा प्याला तेवढा नव्हता.

अमेरिकेत पिस्कॅटवे गावातल्या त्या दगडी चर्चमध्ये सकाळी अमेरिकन लोकांची उपासना व्हायची आणि दुपारी तीनला आपल्या मराठी मंडळीची. तीस-पस्तीस कुटुंबं, बहुतेक जालना-पुण्याकडची, स्कॉटिश मिशनच्या शाळा-दवाखान्यांच्या आधारानं वर आलेली. १९८६ सालचा तीस नोव्हेंबर, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार. जुन्या मिशनऱ्यांनी लावलेल्या शिस्तीप्रमाणे प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि एकाच प्याल्यातला द्राक्षरस घ्यायचा विधी, वर्षातून मोजक्याच वेळा, आणि त्यातलं एक आज होतं. बाहेर लोक कोट काढून बाकांवर बसत होते. थँक्सगिव्हिंगची सुटी असल्यानं बाकं निम्मी रिकामीच होती. म्हस्के मंडळी कॅरी गावी भावाकडे गेली होती, संडे स्कूल घेणारी दीपा आईवडिलांबरोबर सांता क्लाराला. आत वेस्ट्रीत, म्हणजे पाळकांच्या खोलीत, चार माणसं त्या मोकळ्या रुमालाकडे बघत उभी होती.

पहिले एकनाथराव त्रिभुवन. प्याला सांभाळायचं काम त्यांच्याकडे. शंभर वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या एका खेड्याच्या चर्चनं तो जालन्याजवळच्या एका लहानशा मंडळीला दिला. पुढे ती मंडळी पांगली, तेव्हा शेवटच्या मडमेनं तो एकनाथरावांच्या वडिलांच्या हाती सोपवला, आणि एकनाथरावांच्या हँडबॅगेतून तो अमेरिकेला आला. दुसरे राजाराम आढाव, ज्यांचं कुणाशी भांडण नव्हतं आणि कशावर ठाम मतही नव्हतं. तिसरे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, श्रीरंग निर्मळ, तीन वर्षांपूर्वी जालन्याहून आलेले.

चौथ्या सरलाबाई मकासरे. चर्चच्या कारभाऱ्यांना 'वडील' म्हणतात, म्हणून बाई असूनही त्या मंडळीच्या वडील होत्या, आणि यावरून त्यांना चिडवायचं राजाराम कधी विसरायचे नाहीत. पुण्यात मिशनच्या छापखान्यात सत्तावीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. नोकरी सुटली, मुलीकडे अमेरिकेला आल्या, पण खोड काही सुटली नाही. मंडळीचं 'द्राक्षमळा' नावाचं बातमीपत्र त्या चालवायच्या. कुणी "प्रर्थना सभा" लिहून आणलं की त्या मोठ्यानं वाचताना "प्रार्थना सभा" असंच वाचायच्या, चूक होती हे लिहिणाऱ्यालाही कळायचं नाही. डोळा चूक बघायचा आणि जीभ ती दुरुस्त करून मोकळी व्हायची.

"रुमालाखाली हे होतं," एकनाथराव म्हणाले आणि त्यांनी कागदाची एक बोटभर रुंद पट्टी पुढे केली. "सरलाबाई, तुम्हीच वाचा. अक्षराच्या बाबतीत तुमच्यावर कोण आहे आपल्यात?"

वाचायचा चष्मा पर्समध्ये, पर्स बाहेर बाकावर. खिडकीतून येणारा उजेड यथातथाच. सरलाबाईंनी पट्टी हातभर लांब धरली आणि वाचली.

"पाळकांकडे आहे. काळजी नको."

तिघांनी निर्मळांकडे पाहिलं.

"माझ्याकडे?" निर्मळ म्हणाले. "माझ्याकडे नाही. शपथेवर सांगतो."

"देवाच्या घरात शपथ नको, पाळकसाहेब," एकनाथराव शांतपणे म्हणाले आणि त्यांनी पट्टी सरलाबाईंच्या हातून परत घेतली.

२

त्या दिवशी अमेरिकन मंडळीच्या छोट्या काचेच्या पेल्यांवर भागवलं. प्याला पॉलिशला दिलाय, असं एकनाथरावांनी लोकांना सांगितलं. उपासना संपल्यावर पाळकांना बाहेर ठेवून तिघे वडील बसले.

"एक लक्षात ठेवा," एकनाथराव म्हणाले. "वडिलांच्या सभेतलं भिंतीबाहेर जाऊ नये, हा आपला स्कॉटिश लोकांपासूनचा नियम आहे. घरीसुद्धा बोलायचं नाही. पुढच्या रविवारपर्यंत प्याला आला नाही, तर पाळकांनी राजीनामा द्यावा. आपण बोभाटा करायचा नाही."

राजारामनी मान डोलावली. ते कुणालाही मान डोलवायचे.

सरलाबाईंना मात्र पुढचं दिसत होतं. निर्मळांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज मंडळीच्या पत्रावर उभा होता, आणि ते पत्र पंधरा डिसेंबरच्या आत वकिलाकडे जायचं होतं. राजीनामा म्हणजे पत्र नाही, पत्र नाही म्हणजे दोन मुलींना शाळेतून काढून चंबूगबाळं आवरायचं. आणि जायचं कुठे? जालन्याला? प्रभूचा प्याला चोरलेल्या पाळकाला जालन्यात तरी कोण उभं करणार होतं? एवढं सगळं तीन-चार शब्दांवर ठरणार होतं, आणि ते शब्द मोठ्यानं वाचणारी बाई आपणच, हे काही त्यांच्या मनातून जाईना.

सोमवारी सकाळी त्या बसनं चर्चमध्ये गेल्या. चर्चची देखभाल मिस्टर डन्कन बघायचे. आजोबा स्कॉटलंडचे, म्हणून ते सरलाबाईंना अर्धे नातेवाईक समजायचे.

"त्या कपाटाच्या किल्ल्या किती?" सरलाबाईंनी आपल्या मोजक्या इंग्रजीत विचारलं.

"तीन. एक मिस्टर त्रिभुवनांकडे, एक रेव्हरंडकडे, एक माझ्या खिळ्यावर," डन्कन म्हणाले. "माझी कुणाला देत नाही. मुलांच्या नाटकाच्या तालमीला तेवढं मी स्वतः उघडून देतो. मेंढपाळांच्या चादरी त्याच कपाटात असतात ना. बावीस तारखेच्या शनिवारी आली होती सगळी. हॉलभर गवत आणि चमकी सांडून गेली. अजून झाडतोय."

"त्या शनिवारी आणखी कुणी आलं होतं?"

डन्कननी झाडू भिंतीला टेकवला. सांगावं की नाही, असा त्यांचा चेहरा झाला.

"मुलं गेल्यावर रेव्हरंड आले होते. वेस्ट्रीत तासभर होते, दार आतून लावून. जाताना काखेत काहीतरी होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. मी दार धरायला गेलो, तर दचकले."

३

पाळकांचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं अपार्टमेंट. सरलाबाई गेल्या तेव्हा निर्मळ घरी नव्हते. दार प्रतिमानं उघडलं. मंडळीत तिला सगळे पाळकीणबाई म्हणायचे, पण सरलाबाईंच्या निम्म्या वयाची ती.

"सलाम, मावशी. या ना," ती म्हणाली. पण दारातून बाजूला व्हायला तिनं जरा वेळ लावला.

सरलाबाई आत गेल्या. सोफ्याशेजारी जमिनीवर एक निळा टॉवेल होता, आणि टॉवेलाखाली काहीतरी टणक, वीतभर उंचीचं. प्रतिमानं तो पायानं सोफ्याखाली सारला. अगदी सहज, बोलता बोलता. पण सत्तावीस वर्षं ज्या बाईनं निसटलेले अनुस्वार पकडले, तिच्या डोळ्यांतून टॉवेल निसटतो काय?

"चहा टाकू?"

"टाक. प्रतिमा, घरात काही अडचण आहे का गं?"

"नाही हो. अडचण कसली?" ती गॅसकडे वळली. "तसे ते हल्ली झोपत नाहीत नीट. एकनाथकाकांशी काहीतरी झालंय का, मावशी? मला काही सांगत नाहीत. हे आले की त्यांनाच विचारा."

थोड्या वेळानं निर्मळ आले. सरलाबाईंनी आडवळण घेतलं नाही.

"पाळकसाहेब, बावीस तारखेला टॉवेलात काय नेलंत?"

निर्मळांचा हात कोटाच्या बटणावर थांबला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं चहाच्या पातेल्याकडे.

"ते मी रविवारी सांगेन. वडिलांच्या सभेपुढे."

"आत्ता का नाही?"

"आत्ता सांगितलं तर तुम्ही हसाल, नाहीतर रागवाल. दोन्ही मला झेपणार नाही. पण मी चोर नाही, एवढं धरून चला."

धरून चला! सरलाबाई चहा पिऊन निघाल्या, पण चहाची चव काही लागली नाही. हा माणूस गेल्या वर्षी त्यांच्या आजारपणात रोज येऊन शास्त्र वाचून दाखवायचा. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःचीच लाज वाटत होती. पण चोर नसलेला माणूस टॉवेल सोफ्याखाली का लपवतो? जिना उतरताना त्यांनी पहिल्यांदा मनाशी कबूल केलं, की प्याला निर्मळांनी नेलाही असेल.

४

गुरुवारी मुलीनं त्यांना एकनाथरावांकडे सोडलं. सभेचा वृत्तांत लिहायचाय, मूळ मजकूर अक्षरशः उतरून घ्यायचाय, असं सांगून त्यांनी पट्टी मागितली.

"त्यात उतरवण्यासारखं काय आहे?" एकनाथराव म्हणाले. "तीन-चार शब्द तर आहेत."

"वृत्तांतात शब्द चुकला तर लोक मला हसतील, एकनाथराव. छापखान्यातली ना मी."

नाइलाजानं त्यांनी नोंदवहीतून पट्टी काढली. मग स्वतःच विषय काढला.

"तुम्हाला एक सांगू? प्याला गेला ते गेला, पण हे होणारच होतं. पाळकसाहेबांच्या डोक्यात काय चाललंय ठाऊक आहे? अर्धी उपासना इंग्रजीत करायची. मुलांना मराठी कळत नाही म्हणे. अहो, कळत नाही तर शिकवा! माझ्या बापानं मराठीत प्रार्थना करत जीव सोडला. आपण पिस्कॅटवेत येऊन 'हॅलेलूया' म्हणायचं?"

"कळत नाही हे खरं आहे काही अंशी."

"मग शिकवायला कुणी अडवलंय?"

सरलाबाईंनी चष्मा लावला होता आणि टेबलावरचा दिवा जवळ ओढला होता. पट्टी वहीच्या रेघी कागदाची होती. वरची कड फाटलेली, खालचीही फाटलेली. मजकूर अगदी डाव्या समासापासून सुरू होत होता. आणि पहिल्या शब्दात 'ळ' नव्हताच. 'ल' होता. स्वच्छ, गोल, शंका घ्यायला जागाच नाही असा.

पालकांकडे आहे. काळजी नको.

"इथे 'पाळक' नाही, 'पालक' लिहिलंय," त्या सावकाश म्हणाल्या.

"मग? या पोरांना 'ल' आणि 'ळ' मधला फरक कळतो कुठे?" एकनाथरावांनी हात झटकला. "'फळा'ला 'फला' म्हणतात, 'काळा'ला 'काला'. तुम्ही वाचताना बरोबर वाचलंत, तेच खरं."

त्यांनी पट्टी परत मागितली. सरलाबाई मात्र अजून वाकूनच बसल्या होत्या. त्यांची नजर आता दुसऱ्या वाक्यावर होती, 'काळजी'तल्या 'ळ'वर. दोन्ही गाठी सारख्या, मधला दांडा आखूड, उजवी गाठ शेवटी किंचित वर उचललेली. जुन्या छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्याचं, म्हणजे टाइपाचं, वळण.

तो 'ळ' त्यांच्या ओळखीचा होता. अमेरिकेत तसा 'ळ' त्या स्वतः काढायच्या, आणि दुसरं एकच माणूस काढायचं, त्यांनीच हात धरून शिकवलेलं.

५

घरी येऊन सरलाबाईंनी जेवायलाही नको म्हटलं.

मग त्यांनी एकेक गोष्ट मनात लावायला घेतली. ज्या हातानं 'काळजी'त इतका नेटका 'ळ' काढला, तो हात त्याच ओळीत 'पाळक' लिहिताना 'ल' का काढील? काढणार नाही. म्हणजे त्याला 'पालक'च लिहायचं होतं. पालक म्हणजे आईबाप. आणि "पालकांकडे आहे" असं वाक्य कुणी सुरू करत नाही. काय आहे? कुणाच्या पालकांकडे? हे सांगणारी ओळ वर होती, आणि ती कुणीतरी फाडली. खाली सही होती, तीही फाडली.

कुणी? डन्कनना मराठी वाचता येत नाही. कुठे फाडायचं हे त्यांना कळणं शक्य नाही. पाळक स्वतःवरच आळ येईल असा कागद फाडून ठेवणार नाहीत. किल्ली असलेला तिसरा माणूस एकच.

आणि आणखी एक. ही चिठ्ठी कुणी लिहिली, हा प्रश्न त्या रविवारी कुणालाच सुचला नव्हता. सगळे पाळकांच्याच मागे लागले होते. मग आज "या पोरांना फरक कळतो कुठे" असं एकनाथराव कशावरून म्हणाले? लिहिणारं पोर आहे, हे त्यांना कुणी सांगितलं? सही वाचल्याशिवाय कसं कळलं?

एवढं जुळल्यावर आनंद व्हायला हवा होता. सरलाबाईंना मात्र रडू आलं. कारण 'पाळक' हा शब्द त्या कागदावर नव्हताच. तो त्यांनी आपल्या जिभेनं तिथे आणून बसवला होता. एकनाथरावांनी फक्त कागद फाडला. निर्मळांना चोर त्यांनी स्वतः केलं.

पण अजून हा सगळा तर्कच होता, आणि तर्कावर एकनाथरावांसारख्या माणसाकडे बोट दाखवायचं नव्हतं. सभेतलं बाहेर बोलायचं नाही, हाही नियम होता. रविवारी दुपारी, उपासनेआधी, त्या संडे स्कूलच्या खोलीत गेल्या. दीपा फळा पुसत होती. युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला, जन्म इथलाच, पण गेला उन्हाळाभर 'द्राक्षमळा'चं शीर्षक हातानं काढायचं म्हणून सरलाबाईंच्या डायनिंग टेबलावर 'ळ' गिरवत बसलेली.

"दीपा, 'पालक' म्हणजे काय गं?"

"पेरेंट्स," दीपा म्हणाली. "नाहीतर स्पिनॅच. का, मावशी? टेस्ट आहे?"

"आणि 'पाळक'?"

"ते निर्मळकाका. आय नो द डिफरन्स, मावशी. तुम्ही फिफ्टी टाइम्स लिहून घेतलंत माझ्याकडून."

सरलाबाई मुलांच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची बुटकी, गुडघे हनुवटीला लागायला आले.

"मला तुला काही सांगता येत नाही. विचारता तेवढं येतं. 'काळजी नको' असं तू कुणाला लिहिलं होतंस?"

दीपाचा चेहरा पडला. तिनं जाऊन दार लोटलं.

"तुम्हाला कळलं? पण एकनाथकाकांनी प्रॉमिस केलं होतं, कुणाला सांगणार नाही. तालमीत म्हस्क्यांची नीला मागी झाली होती ना, बाळ येशूला गंधरस घेऊन येणारा ज्ञानी. हातात द्यायला काही नव्हतं, म्हणून मी कपाटातला कप दिला. माझी चूक. तिच्या हातून पडला, आणि त्याचा दांडा निखळला. ती इतकी रडली, मावशी. तिचे बाबा, विक्रमकाका, दातांच्या लॅबमध्ये काम करतात ना, चांदी जोडता येते त्यांना, म्हणून कप नीलाच्या आईबाबांबरोबर पाठवला. आणि तिथेच चिठ्ठी ठेवली, एकनाथकाकांसाठी."

"मग त्यांचा फोन आला?"

"सांता क्लाराला. म्हणाले, चिठ्ठी मिळाली, तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण कुणाजवळ बोलू नको, नीलाला लोक नावं ठेवतील. विक्रमकाकांनाही त्यांनी तेच सांगितलं. सो काइंड ऑफ हिम, ना?"

सरलाबाईंनी त्या मुलीच्या गालावरून हात फिरवला.

"विक्रम आलाय आज?"

"हो. कप गाडीतच आहे त्यांच्या. नीट झालाय."

"त्याला सांग, उपासना संपली की पंधरा मिनिटांनी वेस्ट्रीचं दार वाजव."

६

वेस्ट्रीत चौघे बसले. अध्यक्षाची खुर्ची त्या दिवसापुरती एकनाथरावांनी घेतली होती. निर्मळांच्या पायाशी निळ्या टॉवेलाचं गाठोडं होतं.

"प्याला आलेला नाही," एकनाथराव म्हणाले. "पाळकसाहेब, मला वाईट वाटतं. तरी हे प्रेमानं मिटावं."

"आधी हे बघा," निर्मळ म्हणाले आणि त्यांनी टॉवेल सोडला. आत एक जुना, वीतभर उंच टेप रेकॉर्डर होता. त्यांनी बटण दाबलं. त्यांचाच आवाज आला, इंग्रजीत, अडखळत, एकच वाक्य तीनदा म्हणणारा. मेंढपाळ, मेंढपाळ, पुन्हा मेंढपाळ. "माझं इंग्रजी असं आहे. रिकाम्या वेस्ट्रीत येऊन सराव करतो आणि घरी जाऊन ऐकतो. मुलांसाठी पाव तास इंग्रजीत बोलायचंय मला. पण तुमची परवानगी घेतली नव्हती, आणि हे ऐकवायची लाज वाटत होती."

राजाराम हसले नाहीत. सरलाबाईही हसल्या नाहीत.

"यानं प्याल्याचं काही सिद्ध होत नाही," एकनाथराव म्हणाले. "चिठ्ठीत स्पष्ट आहे."

"चिठ्ठी द्या इकडे," सरलाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी चष्म्याशिवाय वाचली. आज नीट वाचते."

त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर उच्चारलं.

"पालकांकडे आहे. काळजी नको."

"तेच ते," एकनाथराव म्हणाले.

"तेच नव्हे. ज्याला 'काळजी'तला 'ळ' येतो, त्याला 'पाळक'मधलाही येतो. हे 'पालक' आहे, एकनाथराव, मुलीच्या पालकांकडे. वरची ओळ गेलीय, खालची सही गेलीय. गुरुवारी तुम्ही म्हणालात, पोरांना फरक कळत नाही. लिहिणारी पोर आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं."

एकनाथरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं. विक्रम म्हस्के आत आले, हातात कवळ्या ठेवायचा पांढरा डबा. खोलीत काय चाललंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

"सलाम. एकनाथकाका, घ्या तुमचा प्याला. असा जोडलाय की रेघसुद्धा दिसणार नाही." त्यांनी डबा एकनाथरावांच्या हातात दिला. "आणि काका, थँक्स हं. नीलाला तुम्ही सांभाळून घेतलंत. नीलाची आई रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते."

ते गेले. दार लागलं. एकनाथरावांनी डबा उघडला नाही. तो त्यांनी मांडीवर ठेवला.

"मीही आधी 'पाळक'च वाचलं," ते म्हणाले. "देवाशपथ. आनंद झाला मला, ते वाचून आनंद झाला. मग खाली दीपाची सही दिसली. पण तो आनंद जाईना. म्हटलं, मला जसं वाटलं तसं सगळ्यांना वाटेल. दोन ओळी फाडायच्या होत्या फक्त. मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही, सरलाबाई."

"नाही लिहिलंत. वाचलं मी."

"मी आपल्या मराठीसाठी केलं."

"ते कळलं मला," सरलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. "पण बघा ना. इथे जन्मलेल्या पोरीनं 'ल'च्या जागी 'ल' लिहिला आणि 'ळ'च्या जागी 'ळ'. तुम्ही जालन्याचे, मी पुण्याच्या छापखान्यातली. आपल्या दोघांना ते वाचता आलं नाही. तिला येत नाही असं आपण धरूनच चाललो होतो."

एकनाथरावांनी मान खाली घातली. "वडीलपण सोडतो मी. पाळकसाहेब, तुम्ही सांगाल ते."

निर्मळ उठले. त्यांनी टेप रेकॉर्डर पुन्हा टॉवेलात गुंडाळला. राग त्यांना आला होता, तो दिसत होता, आणि तो गिळायला त्यांना वेळ लागला.

"वडीलपण राहू द्या," ते म्हणाले. "वकिलाकडे जायचं पत्र तुम्ही लिहा आणि पहिली सही तुमची करा. आणि रविवारी दोन वाजता मुलं मोकळी असतात. त्यांना मराठी शिकवायला कुणी अडवलेलं नाही."

हेच वाक्य गुरुवारी कुणाच्या तोंडचं होतं, ते फक्त सरलाबाई आणि एकनाथराव यांनाच माहीत होतं. एकनाथरावांनी मान डोलावली.

'द्राक्षमळा'चा नाताळ अंक एकवीस डिसेंबरला वाटला गेला. पहिल्या पानावर स्कॉटलंडच्या मंडळीचं पत्र होतं: गिल्डच्या, म्हणजे महिला मंडळाच्या, बायकांनी सूपचं जेवण घातलं, चर्चचं छप्पर पुन्हा गळतंय, नाताळच्या फुलांची पाळी कुणाची यावरून गोड वाद झाला. खाली आपल्याकडच्या बातम्या होत्या. नाताळच्या नाटकात मागी: नीला म्हस्के. जानेवारीपासून उपासनेतला पाव तास मुलांसाठी इंग्रजीत. मुलांचा मराठी वर्ग दर रविवारी दुपारी दोन वाजता, शिक्षक एकनाथ त्रिभुवन. प्रभुभोजन नाताळच्या दिवशी, जालन्याच्या प्याल्यातून.

आणि शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरात चार वाक्यं होती. मंडळीतल्या बहुतेकांना ती कळली नाहीत. दोघा-तिघांनी विचारलंही, तेव्हा सरलाबाई म्हणाल्या, छापखान्यातली जुनी सवय.

शुद्धिपत्र : दि. ३० नोव्हेंबर रोजी झालेल्या वाचनात 'पाळक' असा शब्द आला होता. त्याऐवजी 'पालक' असे वाचावे. चूक लिहिणारीची नाही, वाचणारीची आहे. क्षमा असावी. — स. म.